पाण्यावरची नांवनिशी

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपूरपर्यंत पोहोंचला. त्याच्या कडेला वऱ्हाडांत कापसाचीं जीं बाजारगांवें वाढलीं, त्यांत धामणगांव हें एक. गांवाच्या नांवाला ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा चिकटून राहिला, यावरूनच त्या लोहमार्गाचें तेथें काय मोल होतें तें कळतें. जीन-प्रेसमधून दाबून निघालेली रुईची गठाण सुमारें ४०० पौंडांची. ती मालगाडींत चढली म्हणजे तिचा धनी कांहीं तिच्याबरोबर जात नाहीं. मुंबईच्या बंदरांत ती हजारों गठाणींतील एक होऊन बसते. तेथें ती फोडली आणि आंत पाणी मारलेली किंवा हलक्या जातीची भेसळ केलेली रुई निघाली, तर जाब कोणाला विचारावयाचा? गठाण तर मुकी. तिच्या वतीनें बोलणारी वस्तु एकच, तिच्यावरचा छाप. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक गठाणीवर त्या त्या प्रेसची ठराविक खूण आणि अनुक्रमांक घालण्याचें बंधन प्रेसच्या मालकावर घातलें, तें याच कारणासाठीं.

समुद्रापासून शेंकडों मैल दूर राहणाऱ्या वऱ्हाडकराला कोंकणच्या दर्यावर तरंगणाऱ्या पिंपांचा इतिहास समजावून घ्यावयाचा असेल, तर ही गठाण चांगली उपयोगी पडेल. धन्याच्या नजरेआड गेलेल्या मालाला नांव लागतें, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच कीं, गठाण नजरेआड जाते ती विकण्यासाठीं. आणि मासेमारी जाळें नजरेआड राहतें तें पोट भरण्यासाठीं, भर समुद्रांत, अंधारांत, ज्याला कोणी ओळखत नाहीं अशा गलबतांच्या वाटेवर. वर्धेच्या डोहांत भोयानें जाळें लाविलें, तर दोन्ही कांठ दिसत असतात आणि तें कोणाचें हें गांवांतील पोरहि सांगूं शकतें. समुद्राला कांठ एकच, आणि तोहि थोड्या वेळानें दिसेनासा होतो.

वसई, अर्नाळा, उत्तन, मढ, वर्सोवा या किनाऱ्यावरील कोळ्यांचें मुख्य साधन म्हणजे डोल जाळें. हें शंकूच्या आकाराचें, पिशवीसारखें प्रचंड जाळें. त्याचें तोंड रुंद असतें आणि मागें तें निमुळतें व बारीक विणीचें होत जातें. हें जाळें माशांच्या पाठीस लागत नाहीं. तें एका जागीं तोंड वासून उभें राहतें आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासे त्याच्या तोंडांत आणून घालतो. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, अशी मुंबईच्या सामान्य गृहस्थाच्या ताटांत येणारी मासळी मोठ्या प्रमाणांत याच जाळ्यानें आलेली आहे. प्रवाहाचें बळ हेंच येथें सर्वस्व असल्यामुळें अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत जाळें लावावयाचें, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचें पाणी मंद झालें कीं तें काढून किनाऱ्यावर वाळवावयाचें, असा या धंद्याचा पंधरवड्याचा क्रम असतो. पाणी फिरण्यापूर्वीं जाळें उचललें नाहीं, तर आलेली मासळी आल्या वाटेनें परत जाते. त्यामुळें डोलकराचें घड्याळ चंद्राच्या हातांत असतें, सूर्याच्या नव्हे.

एवढें मोठें जाळें वाहत्या पाण्यांत धरून ठेवावयाचें तर समुद्राच्या तळाशीं आधार हवा. कोठें लांकडाचे लांब सोट एकास एक जोडून तळांत उभे करितात. कोठें आंखूड पण जाड खुंट चिखलांत पार गाडून टाकून त्यांना भक्कम दोर बांधतात. खुंट, सूस, कव अशीं निरनिराळीं नांवें यांतील निरनिराळ्या रीतींना त्या किनाऱ्यावर ऐकूं येतात. पावसाळा ओसरून नारळी पौर्णिमा झाली कीं हंगामाच्या आरंभीं हें रोवण्याचें काम होतें. तें एकट्यादुकट्याचें नव्हे. पुष्कळ माणसांचें बळ, लांकूड, दोर आणि पैसा त्यांत पडतो. एकदां रोवलेला खुंट म्हणजे त्या कुटुंबाची शेतजमीनच. शेतजमिनीला निदान बांध असतो आणि तलाठ्याच्या दप्तरांत तिचा नंबर असतो. गाडलेल्या खुंटाचें तर टोंकहि पाण्यावर येत नाहीं. वर दिसतें तें एवढेंच: दोराच्या टोंकाला बांधलेलें, लाटांवर डुलणारें एक लांकडी पिंप.

हें पिंप एकाच वेळीं तीन कामें करतें. दोराचें टोंक बुडूं न देतां वर धरणें हें पहिलें. धन्याला आपली जागा पुन्हां सांपडावी, हें दुसरें. अर्थात् त्याकरितां कोळी केवळ पिंपावर अवलंबून राहत नाहीं. किनाऱ्यावरील एकादा डोंगर आणि त्याच्यापुढचें एकादें देऊळ किंवा ताडाचें झाड एका ओळींत आणून, तशीच दुसरी ओळ दुसऱ्या बाजूस धरून, दोन ओळी जेथें छेदतील तेथें आपला खुंट, हें गणित तांडेलाला शाळेंत न जातां येतें. तिसरें काम दुसऱ्यांना सांगण्याचें: येथें खालीं कांहीं आहे, आणि तें अमक्याचें आहे. पिंपाची घडण, त्यावर रोवलेली काठी, काठीला बांधलेलें फडकें, दोराला मारलेली गांठ, यांवरून एका गांवच्या होडीला दुसऱ्या होडीचें पिंप ओळखतां येई. तंटा पडलाच, तर गांवचा पाटील आणि जमात बसून निकाल करीत. या व्यवस्थेंत लेखनाला जागा नव्हती आणि त्याची जरूरहि नव्हती. वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांचे शेजारी होते.

पण शेजारी सदैव शेजारधर्मानेंच वागतो असें नाहीं. १८७१ सालीं मुंबईच्या हायकोर्टापुढें एक फौजदारी प्रकरण आलें. कायद्याच्या पुस्तकांत तें ‘राणी सरकार विरुद्ध कास्त्या रामा’ या अर्थाच्या नांवानें नोंदलेलें आहे. एका गांवच्या लोकांनीं समुद्रांत कायदेशीरपणें रोवलेले मासेमारीचे खुंट दुसऱ्या गांवच्या लोकांनीं उपटून नेले, असा आरोप होता. किनाऱ्यावर कोणी दुसऱ्याचें कुंपण उपटलें असतें तर भारतीय दंडविधानांतील आगळीकीचें कलम लावण्यास कोणासहि अडचण पडली नसती. येथें अडचण अशी कीं, गुन्हा घडला तो पाण्यावर. समुद्र कोणत्या तालुक्यांत मोडतो? मुंबई इलाख्यांतील मॅजिस्ट्रेटाचा हुकूम ओहोटीच्या रेषेवर संपतो, कीं लाटांवरहि चालतो? खुंट किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आंत होते. या अंतरापर्यंतच्या समुद्रावर देशांतील फौजदारी कोर्टांचा अधिकार चालतो, असा न्याय झाला आणि खुंट उपटणें हा गुन्हा ठरला.

पुढील काळांत वकिलांनीं आणि ग्रंथकारांनीं हा निकाल वारंवार उद्धृत केला, पण तो त्या तीन मैलांसाठीं. देशाची हद्द समुद्रांत कोठवर, हा मोठा राजकीय प्रश्न; त्यापुढें उपटलेल्या खुंटांची आठवण कोणाला राहावी? कास्त्या रामाच्या गांवकऱ्यांना मात्र मैलांशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. भांडण खुंटांचें होतें, आणि खुंट कोणाचे हें सांगणारा कागद कोणाजवळहि नव्हता. अशा प्रकरणांत साक्षीदाराचें तोंड हाच दस्तऐवज. आणि गांवागांवांतील वैर असेल, तर त्या दस्तऐवजाची किंमत काय हें कोर्टाच्या पायरीवर ज्यानें एक दिवस काढला आहे त्याला सांगावयास नको.

पांच वर्षांनीं, १८७६ सालीं, त्याच कोर्टानें ‘बबन मायाचा विरुद्ध नागू श्रावुचा’ या दिवाणी दाव्यांत याच विषयाची दुसरी बाजू पाहिली. पक्षकारांचीं नांवेंहि लक्ष देण्याजोगीं आहेत: आडनांवाच्या जागीं बापाच्या नांवाला ‘चा’ जोडून माणूस ओळखावयाचा, ही त्या किनाऱ्याची जुनी रीत त्यांत जपलेली दिसते. कोर्टानें दोन गोष्टी सांगितल्या. समुद्रांत मासे धरण्याचा हक्क सर्व जनतेचा समाईक आहे, ही पहिली. दुसरी अशी कीं, हा समाईक हक्क ज्यानें त्यानें न्याय्य व वाजवी रीतीनें बजावला पाहिजे; दुसऱ्याला तोच हक्क बजावतां येऊं नये अशा रीतीनें कोणी वागला आणि त्यामुळें त्या दुसऱ्याचें विशेष नुकसान झालें, तर त्याला फिर्याद करतां येईल.

हें तत्त्व उत्तम आहे. शंभर-दीडशे वर्षांनंतरहि त्यांत बदलण्यासारखें फारसें कांहीं सांपडणार नाहीं. पण त्याच्या पोटांत एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. दुसऱ्याशीं वाजवी वागावयाचें तर दुसरा कोठें आहे हें आधीं ठाऊक पाहिजे. ज्याला खालचें जाळें दिसत नाहीं, वरचें पिंप दिसलें तरी त्याचा अर्थ कळत नाहीं, तो कितीहि सज्जन असला तरी दुसऱ्याचा संसार तोडून पुढें जाईल. आणि जो दुर्जन आहे त्याला ‘मला दिसलें नाहीं’ ही सबब सदैव तयार. समाईक हक्क आणि तरंगती खूण या दोन गोष्टी अशा एकमेकींना बांधलेल्या आहेत. कोर्टानें पहिलीचा निकाल दिला. दुसरी कोर्टाच्या कक्षेंतली नव्हतीच; ती कायदा करणाऱ्यांची होती.

युरोपच्या उत्तरेकडील समुद्रांत हें काम त्याच्या कितीतरी आधीं सुरू झालें होतें, कारण तेथें शेजाऱ्यांची भाषाहि एक नव्हती. इंग्रज आणि फ्रेंच मच्छिमार एकाच खाडींत हेरिंग, कालवें आणि इतर मासळीसाठीं उतरत आणि एकमेकांचीं जाळीं कापीत. दोन्ही सरकारांनीं १८३९ सालीं तह केला आणि १८४३ सालीं त्याखालीं ८९ कलमांची नियमावली काढली. तींत प्रत्येक होडीला बंदराचें अक्षर आणि अनुक्रमांक देण्यांत आला; आणि पुढें असें सांगण्यांत आलें कीं, जाळ्यांचे बोये, पिंपें व मुख्य तरंड यांवर त्या होडीचींच अक्षरें व आंकडे असले पाहिजेत. तरंगत्या खुणेला सरकारी लिपि मिळाली ती अशी. फडक्याचा रंग ओळखावयास गांवकरी असावें लागतें. अक्षर व आंकडा परक्यालाहि वाचतां येतो, आणि वाचतां आला नाहीं तरी उतरून घेऊन बंदरावरच्या अंमलदाराला दाखवितां येतो.

तरीहि तंटे मिटले नाहींत. हेरिंग धरणारीं जाळीं एकास एक जोडून मैलाहून अधिक लांब भिंतीसारखीं रात्रभर प्रवाहाबरोबर तरंगत असत, आणि तळ खरवडीत जाणाऱ्या ट्रॉल होड्या त्यांतून आरपार जात. कांहीं होड्यांवर तर धारदार पात्यांचा लोखंडी गळ मुद्दाम बाळगलेला असे. वाटेंत आलेलें दुसऱ्याचें जाळें कापून टाकणें एवढाच त्याचा उपयोग. खलाशी त्याला ‘सैतान’ म्हणत, आणि नांव अगदींच अयोग्य नव्हतें. इंग्रज मच्छिमारांच्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८० च्या सुमारास त्यांच्या सरकारला हिगिन नांवाच्या कायदेपंडिताकडून चौकशी करवावी लागली. त्यानंतर हेग येथें परिषद भरली आणि ६ मे १८८२ रोजीं ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, हॉलंड, बेल्जम व डेन्मार्क या सहा राष्ट्रांनीं उत्तर समुद्राच्या मासेमारीचा करार केला.

या करारांतील बारकावे पाहिले म्हणजे कायदा करणाऱ्यांनीं प्रत्यक्ष होडीवर जाऊन विचार केला होता असें वाटतें. होडीवरील अक्षरें काळ्या जमिनीवर पांढऱ्या तेलरंगानें लिहावयाचीं. १५ टन व त्यावरील होडीवर त्यांची उंची ४५ सेंटिमीटर आणि जाडी ६ सेंटिमीटर, लहान होडीवर २५ व ४. लहान बोटी, बोये, मुख्य तरंड, ट्रॉल, नांगर, थोडक्यांत सर्व हत्यारांवर त्या होडीचेंच अक्षर व आंकडा, आणि तोहि सहज ओळखूं येईल एवढा मोठा. जाळीं कापण्याखेरीज ज्याचा दुसरा उपयोग नाहीं असें हत्यार वापरण्यास बंदी. म्हणजे सैतानाची रजा. कोणाला समुद्रांत दुसऱ्याचें जाळें वाहत आलेलें सांपडलें, तर त्यानें तें बंदरावरील अधिकाऱ्याच्या हवालीं करावयाचें. अधिकारी तें धन्याला परत देईल आणि वांचविणाऱ्याला मोबदला ठरवून देईल. वाहून गेलेल्या जाळ्यावर नांव असल्याचा हा रोकडा फायदा.

आणखी एक लहानसें वाक्य त्यांत आहे. या सरकारी खुणेशिवाय मालकाला आपल्या पसंतीची खाजगी खूणहि जाळ्यावर ठेवतां येईल, असें तें वाक्य. सबंध करारांत याहून शहाणपणाचें कलम क्वचितच असेल. परक्याला वाचतां यावी म्हणून सरकारी खूण, आणि घरच्याला लांबून ओळखतां यावी म्हणून घरची. एकीनें दुसरीला हुसकून लावण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील मेन राज्याच्या किनाऱ्यावर शेवंडें धरणाऱ्यांची रीत अशीच दुहेरी आहे. प्रत्येकाच्या बोयाचा रंग ठरलेला, तो त्याच्या बोटीवरहि दाखवावा लागतो. आणि शेजारच्या गांवाच्या हद्दींत कोणी पिंजरा टाकलाच, तर त्याच्या बोयाच्या दांड्याला दोरीचे दोन फांस मारून ठेवतात. तेवढ्यावर समजला तर बरें. नाहींतर पुढच्या खेपेस दोर कापला जातो. त्या दोन फांसांचा उल्लेख कोणत्याहि कायद्यांत नाहीं, पण ते वाचतां येत नाहींत असा मच्छिमार तेथें नाहीं.

हेगच्या करारावर सही करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या हाताखालींच त्या वेळीं कोंकणचा किनारा होता. पण उत्तर समुद्रांतील कोळ्याला जी नांवनिशी मिळाली ती वसईच्या कोळ्यापर्यंत आली नाहीं. हिंदुस्थानांत १८९७ सालीं मत्स्यव्यवसायाचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला. तो अवघ्या कांहीं कलमांचा. पाण्यांत स्फोटक द्रव्य किंवा विष घालून मासे मारण्यास त्यानें बंदी केली, आणि तिच्यासाठीं किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे तीन मैल, एवढा समुद्र हिशेबांत धरला. जमिनींत रोवून किंवा अन्य रीतीनें एका जागीं स्थिर केलेलें जाळें, पिंजरा वा सांपळा यांना त्यानें ‘स्थिर साधन’ असें नांव दिलें. डोल जाळ्याचें याहून नेमकें वर्णन शोधून सांपडणार नाहीं. पण हें नांव दिलें तें कशासाठीं? तर निवडलेल्या पाण्यांत अशा साधनांवर सरकारला निर्बंध घालतां यावे म्हणून. मासे राखावे हा हेतु चांगलाच. तथापि जाळें ही कोणाची तरी जिंदगी आहे, तिच्यावर नांव असावें, तें परक्यानें वाचावें, हा विचार त्या कायद्यांत कोठेंहि नाहीं. कायद्याच्या नजरेंत कोळी संभाव्य अपराधी म्हणून आला. मालक म्हणून आला नाहीं.

तोंवर त्यामुळें विशेष बिघडलें नाहीं, कारण शिडाच्या होडीचा पल्ला बेताचा होता आणि पिंपाजवळून जाणारा बहुधा ओळखीचा असे. स्वातंत्र्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत हें सर्व पालटलें. होड्यांना इंजिनें बसलीं. तागाच्या आणि सुताच्या जाळ्यांच्या जागीं नायलॉन आलें. लांकडी पिंपाऐवजीं प्लास्टिकचें पिंप आलें. आणि दूरच्या बंदरांतून ट्रॉलर येऊं लागले. ट्रॉलरचा तांडेल रात्रीं ज्या पाण्यांतून जातो तेथील फडक्यांचे रंग त्यानें लहानपणापासून पाहिलेले नसतात. पहाटे डोलकर आपल्या जागीं येतो तेव्हां त्याला दोराचें तुटलेलें टोंक मिळतें. कोणी तोडलें? पिंपावर आपलें नांव असतें तरी तोडणाऱ्याचें कोठें असतें? आणि तोडणाऱ्याला गांठलें तरी तो म्हणणार, खालीं जाळें आहे हें दाखविणारा दिवा कोठें होता?

हा संघर्ष एकट्या ठाणें जिल्ह्याचा नव्हता. गोव्यांत रांपण ओढणारे पारंपरिक मच्छिमार आणि ट्रॉलरवाले यांचा झगडा १९७० नंतरच्या दशकांत रस्त्यावर आला. केंद्र सरकारनें समिति नेमून १९७९ सालीं एक नमुना विधेयक राज्यांकडे पाठविलें. गोव्यानें व केरळानें १९८० सालीं आणि महाराष्ट्रानें १९८१ सालीं आपापले सागरी मासेमारी नियमन कायदे केले. तोंवर देशाची सागरी हद्दहि वाढली होती: १९५६ सालीं सहा मैल, १९६७ सालीं बारा. कास्त्या रामाच्या तीन मैलांचे बारा झाले आणि तेवढ्या पाण्यांतील मासेमारीचा कारभार राज्याकडे आला. या कायद्यानें नौकेची नोंदणी आणि तिला परवाना सक्तीचा केला, नौकेवर नोंदणीचें चिन्ह लावावयास सांगितलें, आणि कोणत्या पाण्यांत कोणत्या साधनानें मासे धरावे हें ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला. १८४३ सालीं युरोपांत पडलेलें पहिलें पाऊल येथें सव्वाशेहून अधिक वर्षांनीं पडलें. पण भर राहिला तो नौकेवर. नौका संध्याकाळीं बंदरांत येते, तिला अधिकारी पाहूं शकतो. जाळें समुद्रांतच राहतें.

जाळें समुद्रांत राहण्याचा परिणाम पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कवींच्या वादांत दिसतो. दक्षिणेकडील वसई-उत्तनचे डोलकर उत्तरेकडे सातपाटी-डहाणूच्या समोरच्या पाण्यांत आपल्या कवी मारतात, अशी उत्तरेकडील मच्छिमारांची जुनी तक्रार आहे. सातपाटीचें नांव पापलेटासाठीं. पापलेटाचीं जाळीं प्रवाहाबरोबर सोडलेलीं असतात, तीं सरकत जातात. कव मात्र जागची हलत नाहीं. सरकतें जाळें कवीवर गेलें कीं फाटतें. येथें ट्रॉलरसारखा कोणी श्रीमंत परका नाहीं. दोन्हीं पक्ष कोळी, दोघांचेंहि हातावर पोट, आणि दोघेहि बबन मायाचाच्या दाव्यांतील समाईक हक्क सांगतात. १८७६ चें वाजवी वागणुकीचें तत्त्व दोघांनाहि मान्य असेल. पण कवींची संख्या किती, त्या नेमक्या कोठें आणि कोणाच्या, हें कोणीहि वाचूं शकेल अशा रीतीनें पाण्यावर लिहिलेलें असल्याशिवाय तें तत्त्व लावावयाचें कशाला?

तें लिहावयाचें कसें, याचा एक नमुना १९६७ च्या लंडन येथील करारांत मिळतो. उत्तर अटलांटिकांतील मासेमारीच्या वागणुकीसाठीं तो केलेला आहे. नांगरलेल्या जाळ्याच्या पश्चिमेकडील टोंकाच्या बोयावर दिवसां एकावर एक दोन बावटे, किंवा एक बावटा आणि रडारला दिसणारा परावर्तक. पूर्वेकडील टोंकावर एकच बावटा किंवा परावर्तक. रात्रीं पश्चिमेस दोन पांढरे दिवे, पूर्वेस एक. जाळें मैलापेक्षां लांब असेल तर मध्यें आणखी बोये, म्हणजे मैलभर पाणी खुणेवांचून राहावयाचें नाहीं. दिवे निदान दोन मैलांवरून दिसावे. जाळें दक्षिणोत्तर लावलें असेल तर पूर्व-पश्चिम कोणती, अशी शंका कोणी काढील. तिचेंहि उत्तर दिलेलें आहे. दक्षिणेपासून पश्चिमेवरून उत्तरेपर्यंतचें अर्धें वर्तुळ, उत्तर दिशा धरून, पश्चिम समजावयाचें. उरलेलें अर्धें, दक्षिण धरून, पूर्व. परका तांडेल अंधारांत दोन दिवे पाहतो आणि पुस्तक न उघडतां त्याला कळतें कीं जाळें येथून पूर्वेकडे पसरलें आहे, वळावयाचें तें पश्चिमेकडून. त्याला जाळ्याच्या धन्याचें नांव, गांव, भाषा कांहीं ठाऊक असण्याची जरूर नाहीं.

नायलॉननें या खुणेचा अर्थ मात्र बराच बदलून टाकला. तागाचें जाळें हरवलें तर तें कांहीं महिन्यांत कुजून नाहींसें होई. नुकसान काय तें धन्याचें. नायलॉन कुजत नाहीं. हरवलेलें नायलॉनचें जाळें वर्षानुवर्षें तळाशीं किंवा मध्यपाण्यांत मासे, कासवें, शेवंडें धरीत राहतें, आणि तीं काढून घेणारा कोणी नसतो. इंग्रज अशा जाळ्यांना भुतांचीं जाळीं म्हणतात. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीनें २०१८ सालीं जाळीं व इतर साधनें यांवर खुणा करण्याचीं ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वें मान्य केलीं. खुणेवरून साधन कोणाचें व कोठें आहे हें कळावें, जहाजांचा मार्ग सुरक्षित राहावा, चोरट्या मासेमारीला आळा बसावा, आणि टाकून दिलेल्या जाळ्याचा धनी सांपडावा, असे त्यांचे हेतु आहेत. १८४३ मध्यें पिंपावरील आंकडा जगाला बजावीत होता, ‘हें माझें आहे, हात लावूं नका’. आतां तोच आंकडा धन्याला विचारतो, ‘हें तुमचें आहे, उचलून केव्हां नेतां?’ धामणगांवच्या गठाणीवरील छापाचा सूरहि असाच दुसऱ्या जातीचा होता. तो मालकीच्या अभिमानासाठीं नव्हता, जबाबासाठीं होता.

साहजिकच लहान मच्छिमाराला या खुणेची धास्ती वाटते. हरवलेल्या जाळ्याचें दुःख तर आहेच, वर त्याचा दंडहि आपल्यालाच भरावा लागेल, असें त्याच्या मनांत येणें अगदीं स्वाभाविक आहे. तुफानांत तुटलेलें जाळें आणि आळसानें टाकलेलें जाळें यांत फरक न करणारा कायदा झाला, तर पिंपावरील नांव खरवडून टाकणारे पुष्कळ निघतील. २०१८ च्या तत्त्वांत याची जाणीव आहे: खूण स्वस्त असावी, ठिकाणचा धोका पाहून तिचें स्वरूप ठरवावें, लहान मच्छिमारांना साहाय्य द्यावें, आणि हरवलेल्या जाळ्याची खबर देणें सोपें असावें, असें तीं सांगतात. हेगच्या करारांतील सांपडलेलें जाळें परत करण्याची आणि वांचविणाऱ्याला मोबदला देण्याची जुनी युक्तीहि येथें उपयोगीं पडेल. ज्या खुणेमुळें जाळें परत मिळतें ती खूण कोणी पुसून टाकीत नाहीं.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. कोंकणच्या कोमट, गढूळ पाण्यांत प्लास्टिकच्या पिंपावर रंगविलेला नौकेचा नंबर थोड्याच महिन्यांत शेवाळानें आणि चिकटलेल्या शिंपल्यांनीं झांकून जातो. उन्हानें रंग विटतो, दोर घांसून अक्षराचे पाय झिजतात. म्हणून तो पाण्याच्या वर राहणाऱ्या अंगावर लिहावा लागतो आणि दर हंगामाच्या आरंभीं, होडीला तेलपाणी होतें त्याच वेळीं, पिंप घांसून नव्यानें लिहावा लागतो. घरचें फडकें काठीवर आपल्या जागीं राहूं द्यावें.